चर्च समुदायातील छायाचित्रण मंडळ : स्थापना, कार्यपद्धती आणि दस्तऐवजीकरणाचे मोल

सारांश
महाराष्ट्रातील ग्रामीण ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास प्रामुख्याने मिशनच्या अहवालांत, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत आणि घराघरांतील जुन्या छायाचित्रांत विखुरलेला आहे. यांपैकी छायाचित्रे सर्वांत जलद नष्ट होत आहेत. चर्च समुदायात छायाचित्रण मंडळ स्थापन केल्यास तरुणांना एक कौशल्य मिळते आणि समुदायाला स्वतःचा दस्तऐवज मिळतो. अशा मंडळाची ऐतिहासिक पार्श्वभूमी, स्थापनेचे टप्पे, उपासनेतील छायाचित्रणाच्या मर्यादा, जुन्या छायाचित्रांचे जतन, संमतीचा व सुरक्षिततेचा प्रश्न आणि ग्रामीण महाविद्यालयाची भूमिका यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : छायाचित्रण, ख्रिस्ती मंडळी, स्थानिक इतिहास, दस्तऐवजीकरण, संमती, बुलढाणा जिल्हा.

१. प्रस्तावना
लोणार तालुक्यातील बीबी हे गाव विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेलगत वसलेले आहे. एका बाजूस मेहकर-खामगावकडील वऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूस जालना, अशा दोन प्रदेशांच्या मध्ये हा परिसर येतो. या दोन्ही प्रदेशांना ख्रिस्ती मिशनकार्याचा स्वतंत्र इतिहास आहे. जालना येथे स्कॉटिश मिशनच्या वतीने रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी कार्य केले व जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनने अकोला, अमरावती, खामगाव, बुलढाणा आदी ठिकाणी केंद्रे चालविली. या कार्यातून ज्या लहान लहान मंडळ्या उदयास आल्या, त्यांच्याविषयी मराठीत फारच थोडे लेखन झालेले आढळते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्मीयांची संख्या १०,८०,०७३ म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे ०.९६ टक्के होती. यातील मोठा भाग मुंबई, वसई, पुणे, अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) अशा भागांत एकवटलेला आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील मंडळ्या आकाराने लहान आहेत. लहान मंडळीतील एक वृद्ध व्यक्ती गेली की तिच्याबरोबर कित्येक चेहऱ्यांची ओळखही जाते. पेटीच्या तळाशी असलेले छायाचित्र मागे राहते, परंतु त्यातील माणसे कोण, हे सांगणारे कोणी उरत नाही. छायाचित्रण मंडळाचा विचार येथून सुरू होतो.

२. लेखाची उद्दिष्टे व पद्धती
प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) छायाचित्रण संस्था व मिशन छायाचित्रण यांची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
(२) चर्च समुदायात छायाचित्रण मंडळ स्थापन करण्याची व्यवहार्य पद्धती सांगणे.
(३) अशा कार्यातील नैतिक व कायदेशीर प्रश्नांकडे लक्ष वेधणे.
(४) महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी सहकार्याच्या दिशा सुचविणे.
लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. लेखाचे स्वरूप मार्गदर्शनपर असून तो सर्वेक्षणावर आधारलेला नाही.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी
छायाचित्रणाची आवड असणाऱ्यांनी एकत्र येऊन संस्था काढण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बेची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीत सहभागी असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक भारतीय छायाचित्रकार याच काळात पुढे आले. पुढे १८५६ मध्ये कलकत्ता व मद्रास येथेही अशा संस्था निघाल्या. तथापि साहित्य महाग, रसायने दुर्मिळ आणि काचेच्या पट्ट्या जड असल्याने ही कला शहरातील सुस्थित वर्गापुरती मर्यादित राहिली.

याच काळात कॅमेरा सत्तेचेही साधन बनला. १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांच्या ग्रंथात भारतीय जाती-जमातींचे नमुने म्हणून माणसांची छायाचित्रे मांडली गेली. मिशन छायाचित्रणाचा हेतू निराळा होता. पण त्यातही कॅमेरा बहुधा परक्या हातात होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ मुलांची छायाचित्रे मिशनच्या मासिकांतून परदेशी वाचकांपर्यंत गेली व त्यातून मदत उभी राहिली. त्या मदतीने अनेक जीव वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र अशा छायाचित्रांखाली मुलाचे नाव, गाव, आईवडील यांची नोंद अनेकदा नसे. ज्याचे चित्र काढले, त्याच्या हाती ते चित्र क्वचितच पडले.

आज बासेल मिशनचा छायाचित्र संग्रह तसेच दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय मिशन छायाचित्र संग्रह आंतरजालावर अभ्यासकांना खुले आहेत. म्हणजे भारतीय मंडळ्यांच्या दृश्य इतिहासाचा मोठा भाग परदेशात सुव्यवस्थित जतन झाला आहे, आणि गावातील संग्रह मात्र वाळवीच्या तोंडी आहे. ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

मराठी ख्रिस्ती समाजाने शब्दांच्या माध्यमातून स्वतःची कहाणी स्वतः सांगितल्याचे श्रेष्ठ उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ होय. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाच्या नावातच ‘चित्र’ हा शब्द आहे. शब्दांच्या क्षेत्रात जे झाले ते दृश्य माध्यमात व्हावयाचे राहिले आहे.

या दिशेने इतरत्र झालेले प्रयत्न मार्गदर्शक आहेत. कॅरोलिन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी १९९० च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातील ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे देऊन त्यांच्या जीवनाची नोंद त्यांनाच करावयास लावली. ‘फोटोव्हॉइस’ या नावाने ही पद्धती पुढे जगभर वापरली गेली. आपल्या विदर्भातील अकोल्याचे सुपुत्र व मुंबईच्या सफाई कामगारांवरील कामासाठी ओळखले जाणारे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्टच्या माध्यमातून हे शिक्षण वंचित घटकांपर्यंत नेले आहे. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्रीने सन्मानित करण्यात आले.

४. मंडळाची आवश्यकता
चर्चमध्ये आज छायाचित्रे कमी निघतात असे नाही. उलट ती पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक निघतात. नाताळच्या रात्री प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. परंतु ती छायाचित्रे समूह संदेशांत फिरतात, त्यांचा आकार व दर्जा घटतो आणि मोबाईल बदलला की ती नाहीशी होतात. शिवाय त्यांत व्यासपीठावरील पाहुणे, हार-तुरे आणि केक असतो. पहाटे येऊन सतरंज्या अंथरणारा, घंटा वाजविणारा, सहभोजनासाठी चुलीपुढे बसलेल्या स्त्रिया, कबर खोदणारा हे या चित्रांत नसतात. मंडळाची गरज आहे ती निवड, सातत्य आणि नोंद या तीन गोष्टींसाठी.

५. स्थापनेचे टप्पे
५.१ परवानगी व उद्देशपत्र : प्रथम पाळक अथवा धर्मगुरू आणि पंच कमिटी यांच्यापुढे एक पानाचे उद्देशपत्र ठेवावे. मंडळ काय करील याबरोबरच काय करणार नाही, हेही त्यात लिहावे. उदाहरणार्थ, मंडळ लग्नकार्याचे व्यावसायिक काम घेणार नाही आणि कोणाचेही छायाचित्र संमतीशिवाय प्रसिद्ध करणार नाही. गावात व्यवसाय करणाऱ्या फोटो स्टुडिओच्या पोटावर पाय येणार नाही, याची काळजी येथेच घ्यावी. शक्य झाल्यास त्या व्यावसायिकासच पहिला मार्गदर्शक म्हणून बोलवावे.

५.२ सभासद : सहा ते बारा सभासद पुरेसे असतात. तरुण संघातील मुलांपुरते मंडळ मर्यादित ठेवू नये. महिला मंडळातील किमान दोन सभासद आणि जुन्या पिढीतील एक-दोन जाणती माणसे असणे अगत्याचे आहे. तरुणांना यंत्र कळते, वृद्धांना चेहरे कळतात. ज्या परिसरात ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच आहेत तेथे दोन-तीन गावांच्या मंडळ्यांनी मिळून एकच मंडळ काढावे. एकाच परिसरात निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या असल्यास हे काम त्यांना एकत्र आणू शकते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे झाली, तेव्हा अनेक परंपरा एका छत्राखाली आल्या होत्या, याचे स्मरण येथे उपयुक्त ठरेल.

५.३ साधने : आरंभी नवीन कॅमेरा विकत घेण्याची गरज नाही. सभासदांकडील मोबाईल, एक तिपाई आणि एक बाह्य हार्ड डिस्क एवढ्यावर काम सुरू होते. पैसा उपलब्ध झाल्यास तो प्रथम हार्ड डिस्कवर व स्कॅनरवर खर्च करावा. कॅमेऱ्याचा क्रम त्यानंतरचा आहे.

५.४ कार्यक्रम : महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर दोन तासांची बैठक घ्यावी. पहिल्या तासात एक तांत्रिक मुद्दा शिकावा. दुसऱ्या तासात प्रत्येकाने मागील महिन्यातील केवळ तीन छायाचित्रे मांडावीत. तीनच निवडण्याच्या सक्तीने निवडीची सवय लागते. चर्चा करताना ‘छान आहे’ या शब्दांवर न थांबता, चित्रात प्रथम काय दिसते, काय सुटले आणि यातील व्यक्तीला हे चित्र आवडेल काय, हे तीन प्रश्न विचारावेत.

वर्षभरासाठी ‘मंडळीचे एक वर्ष’ असा विषय घेता येईल. झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाचा सण, कापणीचा सण, नाताळ यांबरोबरच शेतातील सोयाबीनची काढणी, रविवारची शाळा, आजाऱ्याच्या घरची प्रार्थना असे विषय त्यात येतात. क्षेत्रभेटीसाठी लोणारचे सरोवर जवळच आहे. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा बदल घडल्याचे तपासणीत दिसून आले. त्या वेळी दिनांकासह काढलेली साधी छायाचित्रेही आज पुरावा म्हणून मोलाची ठरतात. दिनांकाचे महत्त्व सभासदांना पटविण्यासाठी याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

६. उपासनेतील छायाचित्रण : मर्यादा व तंत्र
उपासना ही कार्यक्रम नव्हे, हे मंडळाचे पहिले सूत्र असावे. रोमन कॅथलिक चर्चच्या मे १९६७ मधील सूचनापत्रात मिस्साविधीमध्ये छायाचित्रणामुळे व्यत्यय येऊ नये आणि योग्य कारण असेल तेथेही अत्यंत संयम पाळावा, असे स्पष्ट म्हटले आहे. पोप फ्रान्सिस यांनीही नोव्हेंबर २०१७ मध्ये मिस्साच्या वेळी उंचावल्या जाणाऱ्या मोबाईलविषयी नापसंती व्यक्त केली होती. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनाही हे तत्त्व सहज मान्य होण्यासारखे आहे. यावरून पुढील नियम करता येतील : एका उपासनेस एकच छायाचित्रकार, फ्लॅश बंद, कॅमेऱ्याचा आवाज बंद, ठरलेल्या दोन जागांवरूनच चित्रण, प्रभुभोजन, पापांगीकार आणि वैयक्तिक प्रार्थना यांचे चित्रण नाही. ज्याची पाळी नसेल त्याने त्या दिवशी केवळ उपासक असावे.

फ्लॅशशिवाय काम करावयाचे तर प्रकाशाचे गणित समजून घ्यावे लागते. ॲपर्चर, शटरची गती आणि आयएसओ या तिहींच्या मेळातून चित्राचा उजेड ठरतो. चर्चच्या आतील मंद उजेडात ॲपर्चर शक्य तितके मोठे ठेवून आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत न्यावा लागतो. ट्यूबलाइटच्या उजेडात शटरची गती १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावी. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि अधिक वेगवान शटरवर चित्रात काळसर पट्टे उमटू शकतात.

दुसरा मुद्दा चेहऱ्यांचा आहे. खिडकीसमोर उभ्या असलेल्या सावळ्या वर्णाच्या व्यक्तीचे चित्र काढताना कॅमेरा खिडकीच्या उजेडास फसतो व चेहरा काळवंडतो. चेहऱ्यावर बोट ठेवून मापन करावे व उजेड वाढवावा. बाप्तिस्म्याचा शुभ्र पोशाख किंवा पांढरी साडी चौकट भरून असल्यास कॅमेरा पांढऱ्या रंगाला राखाडी करतो. तेथे एक्सपोजर सुमारे एक पायरी वाढवावे. ही बाब वरवर तांत्रिक असली तरी माणसाचा चेहरा नीट दिसणे हा त्याच्या सन्मानाचा भाग आहे, हे नवशिक्या सभासदांना आवर्जून सांगावे.

७. जुन्या छायाचित्रांचे व शिलालेखांचे जतन
मंडळाचे सर्वांत मोलाचे कार्य हेच होय. घराघरांतील छायाचित्रे दान मागू नयेत. ती त्या घरातच, मालकाच्या समक्ष स्कॅन करावीत आणि तत्काळ परत द्यावीत. लहान आकाराच्या चित्रासाठी ६०० डीपीआय इतकी स्पष्टता ठेवावी. स्कॅनर नसल्यास सावलीतील सम उजेडात, मोबाईल चित्राला समांतर धरून प्रतिमा घेता येते. मूळ चित्रास लॅमिनेशन करू नये. चिकट पानांच्या अल्बममधील चित्रे ओढून काढू नयेत. ती पानासह स्कॅन करावीत. १९७० व ८० च्या दशकांतील रंगीत चित्रांत निळसर रंगद्रव्य आधी फिकट झाल्याने ती तांबडी दिसू लागतात. म्हणून कृष्णधवल चित्रांपेक्षाही रंगीत चित्रांचे काम आधी हाती घ्यावे.

प्रतिमेइतकीच नोंद महत्त्वाची आहे. रांगेनुसार डावीकडून उजवीकडे नावे, स्थळ, प्रसंग, वर्ष आणि ही माहिती कोणी कोणत्या दिवशी सांगितली, हे सर्व लिहावे. ओळख खात्रीची नसल्यास प्रश्नचिन्ह ठेवावे. अंदाजाने नाव लिहू नये. अनुभवाचा भाग असा की, ‘कोण आहे?’ या प्रश्नापेक्षा ‘हे कोणाच्या लग्नातले?’ या प्रश्नाने आठवणी अधिक मोकळ्या होतात. विशेषतः वृद्ध स्त्रियांना स्वतंत्रपणे विचारावे, कारण माहेर-सासरची नाती त्यांनाच ठाऊक असतात. चित्राच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा जतनाचा सर्वमान्य नियम पाळावा.

कबरस्तानातील शिलालेखांकडेही लक्ष द्यावे. झिजलेली मराठी अक्षरे भर दुपारी वाचता येत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा प्रकाश पडला की अक्षरांच्या कडांना सावली येते व मजकूर उठून दिसतो. अक्षरांत खडू किंवा पीठ भरण्याची प्रथा दगडास अपायकारक असल्याने टाळावी. कित्येक मंडळ्यांत पहिल्या पिढीच्या नोंदीचा हाच शेवटचा आधार असतो.

८. संमती, कायदा व सुरक्षितता
या विषयाची सर्वांत नाजूक बाजू येथे येते. छायाचित्र ही आठवण असते, तसाच तो पुरावाही असतो. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० नुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना लागू आहे. ख्रिस्ती धर्मीयांना तो लागू नाही. हा दर्जा धर्मांतरित दलितांना द्यावा की नाही, याच्या अभ्यासासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सी. सेल्वरानी प्रकरणात चर्चला नियमित जाणे व बाप्तिस्मा यांची दखल घेऊन अर्जदाराचा अनुसूचित जातीचा दावा नाकारला. या पार्श्वभूमीवर, उपासनेस केवळ जिज्ञासेने किंवा शेजारधर्माने आलेल्या व्यक्तीचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकल्यास त्या व्यक्तीच्या जीवनावर काय परिणाम होऊ शकतो, याचा विचार छायाचित्रकाराने केलाच पाहिजे. तिच्या श्रद्धेविषयी जाहीर विधान करण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे, कॅमेऱ्याचा नाही.

बालकांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक धरली आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. मिशन वसतिगृहे व बालगृहे यांच्या संदर्भात हे कलम मंडळाच्या प्रत्येक सभासदास ठाऊक असावे.

व्यवहारात संमतीच्या तीन पातळ्या कराव्यात : केवळ कुटुंबासाठी, मंडळीच्या संग्रहासाठी, जाहीर प्रसिद्धीसाठी. प्रत्येकाने आपली पातळी निवडावी आणि ती केव्हाही बदलण्याची मुभा त्यास असावी. स्वामित्व हक्काबाबत, सामान्यतः छायाचित्रकार हा पहिला हक्कधारक असतो. मात्र मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मोबदला देणाऱ्याकडे जातो. म्हणून संग्रहात चित्र देताना सभासदाने लेखी परवानगी नोंदवावी.

९. महाविद्यालयाची भूमिका
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार क्षेत्र प्रकल्प व समुदाय सहभाग यांना अभ्यासक्रमात स्थान मिळाले आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील ग्रामीण महाविद्यालयांना ही एक संधी आहे. इतिहास विभाग नोंदपत्रकाचा नमुना तयार करून देऊ शकतो. समाजशास्त्र विभाग मुलाखतींचे प्रशिक्षण देऊ शकतो. मराठी विभाग चित्रांच्या नोंदीतील बोली शब्द जसेच्या तसे टिपण्यास मदत करू शकतो. ग्रंथालयाने संग्रहाची एक प्रत सांभाळावी. मात्र मालकी मंडळीचीच राहावी. परदेशातील मिशन संग्रहात आपल्या गावाचे चित्र आढळल्यास त्याची प्रत गावात आणून नावे शोधण्याचा उपक्रमही प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली होऊ शकेल. हीच पद्धती वारकरी फड, दर्गा, बुद्धविहार यांच्या बाबतीतही उपयोगी पडेल. सर्वधर्मीय विद्यार्थ्यांनी परस्परांच्या प्रार्थनास्थळी आदराने जाऊन नोंद करणे, हे स्वतःच एक शिक्षण आहे.

१०. निष्कर्ष
(१) छायाचित्रण मंडळासाठी महाग साधनांपेक्षा सातत्य, निवड आणि नोंद यांची अधिक आवश्यकता आहे.
(२) उपासनेचे पावित्र्य राखणारे लेखी नियम आरंभीच ठरविल्यास मंडळाविषयी विश्वास निर्माण होतो.
(३) नव्या चित्रांपेक्षा जुन्या चित्रांतील व्यक्तींची ओळख नोंदविणे अधिक तातडीचे आहे.
(४) संमतीच्या प्रश्नाकडे औपचारिकता म्हणून पाहता येणार नाही; काही व्यक्तींच्या बाबतीत तो उपजीविकेचा प्रश्न आहे.
(५) महाविद्यालयाने मार्गदर्शकाची भूमिका घ्यावी, मालकाची नव्हे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळातून वाचलेल्या मुलांची छायाचित्रे नावाशिवाय सातासमुद्रापार गेली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज आपल्याच परिसरात असतील. त्यांच्या हाती कॅमेरा आणि नोंदवही एकाच वेळी आली, तर यापुढील चित्रांखाली नाव लिहिण्याची जागा रिकामी राहणार नाही.